२४ व्होल्टची जुनी गाडी, नवा अ‍ॅम्प्लिफायर: रेस दिली की कुईं, वायपर लावला की खर्र

कांदागाडी (धागालेखक) · रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची गाडी टाटा १६१३, २००९ चं मॉडेल, केबिन बॉडीबिल्डरकडे बांधलेली. पप्पा स्वतः चालवतात. लासलगावला कांदा भरायचा, रात्री कसारा घाट उतरायचा आणि पहाटे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला लागायचं. राहायला आम्ही कोपरखैरण्यात, त्यामुळे गाडी खाली झाली की दिवसभर माझ्या ताब्यात असते. पप्पांचा जुना टेप गेल्या वर्षी कायमचा मुका झाला. म्हणून पहिल्या पगारातून नवा डेक, चार स्पीकर आणि चार चॅनेलचा अ‍ॅम्प घेतला. अ‍ॅम्प चॅनेलमागे ४५ वॉटचा, अंगावर ३० अँपिअरचा फ्यूज. फिटिंग एका ट्रक वायरमनकडून करून घेतलं, नाव घेत नाही.

आता रडगाणं. रेस दिली की स्पीकरमधून कुईंऽऽ, रेस वाढेल तसा सूर चढत जातो. वायपर लावला की प्रत्येक फटक्याला खर्र. पप्पा म्हणतात, गाण्यापेक्षा वायपरच जास्त गातो. त्यात गेल्या आठवड्यात शहापूरजवळ धाब्यावर चहाला थांबले, वीस मिनिटं गाणी चालू होती आणि मग सेल्फच उचलेना. भरलेली गाडी, धक्का कोण मारणार? दुसऱ्या गाडीवरून केबल लावून कशीबशी काढली. बॅटऱ्या दोन्ही आठच महिन्यांच्या आहेत.

अ‍ॅम्प खराब आहे की माझं नशीब?

मुंब्रा_बायपास · रात्री ११:०५

आरसीएच्या (डेकमधून अ‍ॅम्पला गाणं नेणारी वायर) मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाक, असला आवाज अडवणारी डबी. विषय संपला.

रिटायर_वायरमन · रात्री ११:३१

विषय संपला नाही. कुईं आयसोलेटरने झाकशील, सेल्फ न उचलणं कशाने झाकणार?

कांदागाडी, तीन गोष्टी सांग बाळा. तुझी गाडी २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. डेक आणि अ‍ॅम्प १२ चे. मग ते १२ व्होल्ट आणले कुठून? अ‍ॅम्पची काळी वायर कुठे कसली आहे? आणि मेन स्विच बंद केल्यावर गाडीत काय काय चालू राहतं?

कांदागाडी · सोमवार, सकाळी ९:१८

काका, तिसरा प्रश्न तुम्हाला सुचला कसा? मेन स्विच बंद केला तरी केबिनचा दिवा लागतो! पप्पा म्हणतात स्विच गेलाय, नवा आणायला सांगितलाय.

१२ व्होल्ट दोन बॅटऱ्यांना जोडणारी जी आखूड केबल असते तिच्या बोल्टवरून घेतलेत. लाल वायर तिथून सरळ सीटच्या मागे. वायरवर २.५ (जाडी, स्क्वेअर मिमी) छापलंय. मध्ये फ्यूज नाही, वायरमन म्हणाला अ‍ॅम्पवर आहे ना.

काळी वायर आधी केबिनच्या मागच्या पत्र्यात स्क्रूने मारली होती. तेव्हा अ‍ॅम्प चालूच होईना. मग स्क्रू काढून पाहिला तर टोकाला लाकडाचा भुसा. पत्र्याच्या मागे सगळं लाकूडच आहे. शेवटी त्याने काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली. डेकचं मायनस मात्र डॅशबोर्डच्या मागे जुन्या टेपच्याच जागी आहे.

ऐरोलीकर_सोल्डर · सोमवार, दुपारी १:२६

डबा खाता खाता लिहितेय. आधी बॅटरीचं, कारण तुझे पैसे तिथे जळतायत.

बॅटऱ्या दोन असल्या तरी डायनामोला त्या एकच दिसतात. तो दोघींना मिळून साधारण २८ व्होल्ट देतो, त्यातले कुणी किती घ्यायचे ते त्या आपसात ठरवतात. अ‍ॅम्प जेवतो फक्त खालच्या बॅटरीतून, म्हणजे जिचं मायनस चासीला जातं तिच्यातून. ती उतरते. चार्जिंगचा करंट मात्र दोघींतून एकच वाहतो. उतरलेली बॅटरी १३ च्या आसपास अडकते, मग उरलेले १५ वरचीच्या माथी. खालची कायम उपाशी आणि वरची अजीर्णाने मरते.

ताडून बघायचं असेल तर वरच्या बॅटरीचं पाणी पटापट संपतं का ते बघ. मीटर असेल तर गाडी चालू ठेवून दोन्हींचे व्होल्ट वेगवेगळे मोज.

टर्मिनलवाला · सोमवार, दुपारी ३:५०

मी स्वतः ट्रकचं वायरिंग करतो, २२ वर्षं झाली. मधल्या बोल्टवरून १२ व्होल्ट सगळेच घेतात. शेकडो गाड्या केल्या, कुणाच्या बॅटऱ्या मेल्या नाहीत. महिन्यातून एकदा दोन बॅटऱ्यांची अदलाबदल करायची, झालं. पुस्तकी ज्ञान आणि धंदा यात फरक असतो ताई.

ऐरोलीकर_सोल्डर · सोमवार, दुपारी ४:१२

दादा, अदलाबदल करावी लागते याचाच अर्थ एक बॅटरी उतरतेय हे तुम्हालाही माहीत आहे. :)

तुमचं निम्मं पटतं. नुसता टेप एक-दोन अँपिअर घेतो, तेवढं खपून जातं. हा अ‍ॅम्प आहे. ४५ चोक १८० वॉट बाहेर द्यायचे तर जुन्या पद्धतीचा एबी क्लासचा अ‍ॅम्प त्याच्या दुपटीच्या आसपास आत ओढतो. म्हणजे पूर्ण आवाजाला २५ अँपिअर. गाण्यात सतत एवढे लागत नाहीत, सरासरी एक तृतीयांश धरा. तरी कसाऱ्यापासून तुर्भ्यापर्यंत आठ अँपिअर एकाच बॅटरीच्या उरावर.

टर्मिनलवाला · सोमवार, दुपारी ४:४०

अ‍ॅम्पला मीही २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच सांगतो. पण कन्व्हर्टरचं नाव काढलं की गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जातं. त्याला तासाभरात गाणं वाजलेलं पाहिजे. शिव्या मात्र वायरमनला.

सुज्ञ_नागरिक · सोमवार, सायंकाळी ६:०२

मुळात ट्रकमध्ये एवढा आवाज हवाच कशाला? मागून रुग्णवाहिका आली तर ऐकू येणार आहे का? शीळफाट्यावर रोज अनुभव घेतो.

मुंब्रा_बायपास · सोमवार, सायंकाळी ६:०९

शीळफाट्यावर रुग्णवाहिका आणि ट्रक दोघेही जागचे हलत नाहीत, ऐकू आलं तरी करणार काय? अवांतर थांबवतो.

रिटायर_वायरमन · सोमवार, रात्री ९:५५

नागरिकसाहेबांचं म्हणणं चूक नाही. आवाज बेताचाच ठेवावा. पण त्याची गाडी बंद पडतेय, ते आधी.

कांदागाडी, मेन स्विच बदलू नकोस, तो चांगला आहे. नीट वाच.

तुझ्या गाडीत मेन स्विच मायनसच्या बाजूला आहे, म्हणजे बॅटरीचं मायनस आणि चासी यांच्या मध्ये. स्विच बंद केला की गाडीतल्या करंटला बॅटरीत परत यायची वाट बंद व्हायला हवी. तुझा केबिनचा दिवा तरीही लागतो, म्हणजे कुठूनतरी चोरवाट आहे. ती वाट तुझ्या वायरमनने बांधून दिली. दिव्याचा करंट केबिनच्या लोखंडात येतो, तिथून डेकच्या मायनसला, डेकमधून आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून अ‍ॅम्पमध्ये आणि अ‍ॅम्पच्या काळ्या वायरने थेट बॅटरीवर. स्विच बाजूलाच राहिला.

आरसीएची ती जाळी गाण्याच्या सिग्नलसाठी असते, केसासारख्या तारांची. स्विच बंद असताना चुकून कुणी सेल्फ मारला तर सेल्फचे शेकडो अँपिअरही तीच वाट शोधतील. आरसीए आणि डेक दोन्ही जळतील, आग लागली तरी नवल नाही. हे दुरुस्त होईपर्यंत अ‍ॅम्पमधून आरसीए उपटून ठेव. गाण्यावाचून कुणी मरत नाही.

आता माझा संशय. स्विच चालू असताना करंटला चासीची मोठी वाट मोकळी आहे, मग तो आरसीएच्या बोळातून कशाला जाईल? वायपरची खर्र येते त्याअर्थी जातोय. म्हणजे मोठी वाटच खराब आहे. केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, तिला चासीशी जोडणारा अर्थचा विणलेला पट्टा असतो. तो बघ. बघण्याआधी मोज: मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशावर, दुसरं डॅशबोर्डमागे जिथे डेकचं मायनस कसलंय त्या बोल्टवर. आरसीए काढलेली. आधी सगळं बंद, मग हेडलाइट आणि वायपर लावून.

घोडबंदर_रोजचा · सोमवार, रात्री १०:४०

त्या २.५ च्या वायरला बॅटरीजवळ फ्यूज नाही हे वाचून पोटात गोळा आला. माझी पिकअप होती, १२ व्होल्टची. अ‍ॅम्पची वायर फ्लोअरच्या भोकातून आत घेतली, भोकाला रबरी बुश बसवायचा कंटाळा केला. मीच, दुसरं कुणी नाही. गायमुखच्या चढावर पायाखालून धूर. पत्र्याच्या धारेने वायरचं कातडं कापलं होतं आणि अख्ख्या लांबीची वायर निखाऱ्यासारखी लाल. अ‍ॅम्पवरचा फ्यूज शाबूत! जाणारच कशाला, करंट त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. टर्मिनल सोडायला दहा नंबरचा पाना नाही, शेवटी पकडीने पिळून काढलं. तेव्हापासून दहा नंबरचा पाना किल्लीच्या जुडग्यात असतो.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, अ‍ॅम्पला नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत.

कांदागाडी · बुधवार, दुपारी २:३७

उशिराबद्दल माफी, गाडी आज सकाळी आली. मित्राकडून मीटर आणला, मार्केटच्या बाहेर पार्किंगमध्ये मोजलं. हमाल मंडळी जमली होती, त्यातल्या एकाने मीटर धरून मदत केली.

गाडी बंद, तासाभराने: खालची बॅटरी १२.१, वरची १२.७.
गाडी चालू, थोडी रेस: खालची १२.९, वरची १४.९. बेरीज २७.८, अगदी ताई म्हणाल्या तशीच. आणि वरचीचं पाणी क्लीनर दर पंधरा दिवसांनी भरतो. आम्हाला वाटायचं बॅटरीत दोष आहे.

डॅशबोर्डमागचा बोल्ट ते बॅटरी मायनस: सगळं बंद असताना ०. हेडलाइट आणि वायपर लावल्यावर १.१ व्होल्ट, वायपरच्या प्रत्येक फेरीला आकडा नाचतो. मग आरसीए लावून पाहिली, आकडा ०.७ वर आला. दोन मिनिटांनी आरसीएला हात लावला तर चक्क कोमट! काका, तुम्ही म्हणालात तसंच.

मग खाली सरकलो. पट्टा सापडला, म्हणजे त्याचे अवशेष. बारा-पंधरा तारा शिल्लक, बाकी हिरवट पावडर. हात लावला तर त्यातल्याही निम्म्या तुटल्या.

रिटायर_वायरमन · बुधवार, दुपारी ३:१५

आरसीए लावल्यावर आकडा खाली आला, म्हणजे तो फरकाचा करंट आरसीएने उचलला. झालं निदान.

आता काम. पट्टा नवा, तांब्याचा विणलेला, दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टसाठी भोक असलेलं टोक) दाबलेला. कसायच्या जागी रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड काढ, दातेरी वॉशर घाल, कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. चासीला नवीन भोक पाडू नकोस, वेल्डिंग तर नाहीच. आधीच्या एखाद्या भोकातला बोल्ट वापर. अ‍ॅम्पची काळी वायर बॅटरीवरून काढ आणि चासीवर आण, पट्ट्याचं खालचं टोक आहे त्याच बोल्टवर. मग मेन स्विच पुन्हा मेन स्विच होईल.

ऐरोलीकर_सोल्डर · बुधवार, रात्री ८:४४

आणि १२ व्होल्टसाठी दोन रस्ते. एक, दोन्ही बॅटऱ्या सारख्या ठेवणारा बॅटरी इक्वलायझर बसवून मधला टॅप (मधल्या बोल्टवरून घेतलेले १२ व्होल्ट) तसाच ठेवायचा. (गाण्याचा इक्वलायझर नव्हे! लॅमिंग्टन रोडवर मी मागितला तेव्हा दुकानदाराने सात पट्ट्यांचा ग्राफिक काढून दाखवला होता.) दुसरा, २४ ते १२ चा कन्व्हर्टर. तुझ्या गाडीला मी कन्व्हर्टरच घेईन. ३० अँपिअर सतत देणारा घे, डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेकदा क्षणभराचा असतो.

कन्व्हर्टर बॅटरीपाशी बसवू नकोस, अ‍ॅम्पच्या शेजारी बसव. बॅटरीपासून सीटपर्यंत चार मीटर २४ व्होल्टच न्यायचे. तेवढ्याच वॉटला २५ च्या जागी १५ अँपिअर लागतात, त्यामुळे ६ स्क्वेअरची वायर आणि २० चा फ्यूज पुरतो. तुझ्या आत्ताच्या २.५ च्या वायरमध्ये पूर्ण आवाजाला पाऊण व्होल्ट वाटेतच हरवतोय. कन्व्हर्टरपासून अ‍ॅम्पपर्यंत अर्धा मीटर १० स्क्वेअर टाक. डेकलाही १२ व्होल्ट कन्व्हर्टरमधूनच दे, नाहीतर टॅप राहिलाच.

वायर घेताना ब्लेड ने. टोक खरवडायचं, आतून चांदीसारखं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅम्पच्या तयार किटमध्ये बहुतेक तेच येतं. त्याच जाडीत दोन तृतीयांशच करंट झेपतो आणि आपल्या खाडीच्या हवेत टोकं लवकर कुजतात.

टर्मिनलवाला · बुधवार, रात्री ९:२०

एक माझ्याकडून. कन्व्हर्टरला इनपुटला रिले टाक, किल्लीवर चालणारा, म्हणजे गाडी बंद केली की कन्व्हर्टर बंद. नाहीतर रिकामा बसून सुद्धा तो थोडं थोडं खातो. रिले २४ व्होल्टचा माग. दुकानदार डोळे मिटून १२ चा देतो, त्याची कॉइल दोन दिवसांत भाजते. किल्लीची वायर रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला, ८५ बॉडीला, ३० ला फ्यूजमधून आलेली मेन, ८७ वरून कन्व्हर्टर.

गाडी घेऊन ये, मी करून देतो. मजुरी नको, पण ताईंना सांग की पुस्तकी म्हणालो ते मागे घेतलं.

ऐरोलीकर_सोल्डर · बुधवार, रात्री ९:२४

घेतलं मागे. मीही शेजारच्या गाळ्यावर जाणारी गिऱ्हाइकंच जास्त पाहिलीत, तुमचा त्रास कळतो.

मुंब्रा_बायपास · बुधवार, रात्री ९:३१

माझा आयसोलेटर?

रिटायर_वायरमन · बुधवार, रात्री ९:४०

तो बसवला असता तर कुईं गेली असती आणि पट्टा कुजलेला आहे हे पुढची कित्येक वर्षं कळलं नसतं.

कांदागाडी · पुढचा रविवार, रात्री ११:१०

काम झालं. टर्मिनलवाल्या दादांकडे शनिवारी गेलो होतो, चार तास लागले. त्यातला दीड तास नुसता पट्ट्याच्या दोन जागा घासण्यात गेला, केबिनच्या बाजूचा बोल्ट गंजून इतका फुगला होता की शेवटी छिन्नीने उडवावा लागला. दादांनी थिंबल हातोडीने ठोकलं नाही, डाय असलेल्या प्रेसने दाबलं आणि मला ओढून बघायला लावलं. फ्लोअरच्या भोकात रबरी बुश मी स्वतः बसवला. घोडबंदरचे दादा, तुमची आठवण काढली.

दोन्ही बॅटऱ्या सोडवून शुक्रवारी रात्रभर वेगवेगळ्या चार्जरवर ठेवल्या होत्या. दादांनी हायड्रोमीटर लावला. चार्जिंगच्या आधी खालचीची ग्रॅव्हिटी (आतल्या अ‍ॅसिडची घनता) ११८० होती, आता १२५० पर्यंत आली. वरचीची १२६५. खालची वाचली म्हणाले, पूर्वीसारखी होईल असं नाही.

आकडे: हेडलाइट आणि वायपर लावून केबिन ते बॅटरी मायनस ०.०६ व्होल्ट. गाडी चालू असताना खालची १३.८, वरची १४.०. मेन स्विच बंद केला की केबिनचा दिवा विझतो. पप्पांनी तो तीनदा चालू-बंद करून पाहिला, नवा स्विच परत करायला सांगितलाय.

कुईं पूर्ण गेली. वायपरची खर्रही गेली. केबिनमधला छोटा पंखा लावला की अगदी बारीक चर्र येते, गाणं बंद असेल तरच ऐकू येते.

ऐरोलीकर_सोल्डर · रविवार, रात्री ११:२२

पंख्याच्या मोटरचे ब्रश असतील. आरसीए पंख्याच्या वायरच्या जवळून जातेय का बघ, दुसऱ्या बाजूने फिरव. आणि अ‍ॅम्पचा गेन किती ठेवलास? तो आवाजाचा नॉब नाही. डेक पाऊण आवाजावर ठेवायचा, गेन शून्यापासून चढवायचा, गाणं फाटायला लागलं की जरा मागे.

रिटायर_वायरमन · रविवार, रात्री ११:३०

छान. पप्पा काय म्हणाले?

कांदागाडी · रविवार, रात्री ११:४८

गेन उद्या करतो ताई.

काका, संध्याकाळी पप्पांना पाम बीचच्या सिग्नलपर्यंत चक्कर मारायला लावली. वाटलं आता शाबासकी मिळणार. दोन गाणी ऐकली, मग आवाज चारवर आणला, मान तिरकी करून बसले. म्हणाले, "त्या कुईंमुळे इतके दिवस कळलंच नाही. इंजिनचे टॅपेट वाजतायत. उद्या ते सेट करून घे, मग गाणी."